खरेदीखतापूर्वी शेतजमिनीचे मूल्यांकन

शेतजमिनीची खरेदी हा शेतकऱ्याच्या आयुष्यातील फार मोठा व्यवहार होय. जमिनीचा भाव ठरविताना शेतकरी पुष्कळ विचार करतो. माती हातात घेऊन पाहतो, विहिरीत डोकावतो, बांध फिरून येतो, शेजारच्या शेतकऱ्याला चार गोष्टी विचारतो. परंतु याच जमिनीवर शासनाला किती मुद्रांक शुल्क द्यावयाचे व ते कोणत्या किमतीवर द्यावयाचे, याचा विचार मात्र बहुधा खरेदीखताच्या दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच सुरू होतो. त्या वेळी साक्षीदार बसलेले असतात, पैसे बांधून आणलेले असतात आणि परत फिरणे कोणालाच सोयीचे नसते. कार्यालयात जो आकडा सांगितला जातो तो निमूटपणे भरला जातो. तो बरोबर असेल तर प्रश्नच नाही. पण जमिनीचा वर्ग चुकीचा धरला गेला असेल, तर शेतकऱ्याच्या पदराला विनाकारण खार लागतो.

हा खार टाळण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. तो अवघड नाही. मात्र त्यासाठी तयारी सहीच्या आधी करावी लागते. ही तयारी कशी करावी, याची माहिती शेतकरी बंधूंना व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना व्हावी, या हेतूने या विषयाचे विवेचन पुढे केले आहे.

शुल्क कोणत्या किमतीवर?

राज्यात मुद्रांक शुल्काची आकारणी १९५८ च्या मुंबई मुद्रांक अधिनियमान्वये होते. २०१२ मध्ये या अधिनियमाचे नाव महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम असे झाले. पूर्वी दस्तात लिहिलेली किंमत हाच शुल्काचा आधार असे. १९८० पासून मात्र मालमत्तेचे बाजारमूल्य हा आधार धरण्यात येऊ लागला. दस्तात लिहिलेला मोबदला व मालमत्तेचे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल, तिच्यावर शुल्क द्यावे लागते. म्हणजे जमीन स्वस्तात मिळाली तरी शुल्क स्वस्तात मिळेलच असे नाही. आणि जमीन बाजारमूल्याहून महाग घेतली, तर प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवरच शुल्क भरावे लागते.

आता बाजारमूल्य म्हणजे काय? खुल्या बाजारात, राजीखुशीने देणारा व राजीखुशीने घेणारा यांच्यामध्ये जी किंमत ठरेल, ते बाजारमूल्य. परंतु प्रत्येक दस्ताच्या वेळी अशी किंमत शोधत बसणे कोणत्याही कार्यालयाला शक्य नाही. म्हणून १९९५ च्या नियमांनुसार वार्षिक मूल्यदर तक्ते तयार करण्यात येतात. यांनाच लोक ‘रेडी रेकनर’ म्हणतात. नगररचना व मूल्यनिर्धारण शाखेकडून हे तक्ते तयार होतात व नोंदणी महानिरीक्षक तथा मुद्रांक नियंत्रक यांच्या मंजुरीने ते अंमलात येतात. १ एप्रिल २०२५ पासून सुधारित दर लागू करण्यात आले होते. दर कधी वाढतात, कधी आहेत तेच पुढे चालू राहतात. म्हणून खरेदीखताच्या तारखेस कोणता तक्ता लागू आहे, हे प्रथम पाहावे. आपल्या गावचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो.

तक्ता व प्रत्यक्ष जमीन

तक्ता हा अनेक जमिनींचा मिळून केलेला असतो. गावातील व्यवहारांवरून एका वर्गाच्या जमिनीसाठी एक दर ठरतो व तो दर त्या वर्गातील प्रत्येक जमिनीला लावला जातो. परंतु एका वर्गातही सर्व जमिनी सारख्या नसतात. एका गटात काळी कसदार माती, तर बांधापलीकडे मुरमाड माळ असतो. एका विहिरीला मे महिन्यातही पाणी, तर दुसरी फेब्रुवारीतच कोरडी पडते. तक्त्याला हा फरक दिसत नाही. तो दाखवून देणे हे जमीनधारकाचे काम आहे.

ही अडचण केवळ आपल्याकडील किंवा केवळ जमिनीची आहे असे नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात जुनी मोटारगाडी एका खासगी मालकाकडून दुसऱ्याने विकत घेतली, की नावावर करून घेताना शेकडा ६.२५ दराने विक्रीकर द्यावा लागतो. खरेदीची किंमत कमी सांगून कर चुकविला जाऊ नये म्हणून २००६ पासून तेथे प्रत्येक प्रकारच्या गाडीसाठी शासनाने एक प्रमाण किंमत धरलेली आहे. प्रत्यक्ष किंमत किंवा त्या प्रमाण किमतीचे शेकडा ८० यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावर कर बसतो. पण एखादी गाडी ठोकर बसून किंवा झिजून खरोखरच कमी किमतीची झालेली असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडून वा विमा मूल्यांककाकडून तिचे रीतसर मूल्यांकन करून घेऊन ठरलेल्या मुदतीत ते सादर करता येते व त्यानुसार कर आकारला जातो. प्रमाण दर सर्वांसाठी. पण ज्याची वस्तू वेगळी आहे त्याला पुराव्यानिशी ते दाखविण्याची संधी, असा हा न्याय आहे. आपल्याकडील जमिनीच्या बाबतीतही कायद्याने अशीच संधी ठेवलेली आहे. फरक इतकाच, की गाडीचा ठोकरलेला भाग कोणालाही दिसतो. जमिनीचे दोष मात्र कागदावर आणावे लागतात.

पहिली दक्षता : योग्य वर्ग

बहुसंख्य प्रकरणांत तक्त्याचा दर चुकीचा नसतो. चुकतो तो जमिनीला लावलेला वर्ग. शेतजमिनीचे दर जिरायत, बागायत, भातशेती, गावठाणालगतची जमीन, महामार्गालगतची जमीन अशा निरनिराळ्या वर्गांनुसार दिलेले असतात. जिरायत जमिनीसाठी तर हेक्टरी आकारानुसारही गट पाडलेले असतात. यांपैकी आपली जमीन कोणत्या ओळीत बसते, हे सात-बारा उताऱ्यावरून ठरते. म्हणून उताऱ्यावरील पुढील नोंदी बारकाईने तपासाव्यात.

(१) आकार : उताऱ्यावर जो आकार लिहिलेला असतो तो संपूर्ण क्षेत्राचा असतो. तक्त्यातील गट मात्र हेक्टरी आकाराचे असतात. उदाहरणार्थ, १ हेक्टर ६० आर क्षेत्राचा आकार ४ रुपये असेल, तर हेक्टरी आकार अडीच रुपये झाला. हा भागाकार न करता ४ रुपये हाच आकडा धरला गेला, तर जमीन वरच्या गटात जाते व दर वाढतो.

(२) पिकांची नोंद : गाव नमुना बारामध्ये हंगामवार पीक व जलसिंचनाचे साधन नोंदलेले असते. पूर्वी कधी ऊस होता म्हणून तीच नोंद वर्षानुवर्षे पुढे ओढली गेली असेल, तर विहीर आटून गेलेली जमीनही कागदावर बागायतच राहते.

(३) पोटखराबा : लागवडीलायक क्षेत्र व पोटखराबा उताऱ्यावर वेगवेगळे दाखविलेले असतात. वर्ग ‘अ’ म्हणजे खडक, ओहोळ इत्यादी कारणांनी शेतीस अयोग्य असलेले क्षेत्र. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कारणांसाठी राखलेले क्षेत्र. खरेदीखताच्या मसुद्यातही ही क्षेत्रे वेगवेगळी लिहावीत.

(४) रस्त्याशी संबंध : गट महामार्गाला प्रत्यक्ष लागून आहे, की मध्ये दुसऱ्याचे शेत आहे, याचा उलगडा मोजणीच्या नकाशावरून होतो. जमिनीला महामार्ग लागत नसेल, तर उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयातील नकाशाची प्रत जवळ ठेवावी. चतुःसीमा लिहितानाही ‘उत्तरेस रस्ता’ असे मोघम न लिहिता तो महामार्ग आहे, गाडीवाट आहे, की पाणंद आहे, हे स्पष्ट लिहावे.

या चार गोष्टी नीट असल्या, तर पुष्कळ प्रकरणांत पुढे कोणत्याही अर्जाची गरज पडत नाही. दुय्यम निबंधकास योग्य ओळ दाखविली, की योग्य दर लागतो.

आकड्यांत फरक किती?

समजुतीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावी एक हेक्टर जमिनीचा व्यवहार साडेआठ लाख रुपयांस ठरला. त्या गावच्या तक्त्यात जिरायतीचा दर हेक्टरी आठ लाख व बागायतीचा बारा लाख आहे, असे धरू. मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशा क्षेत्रांप्रमाणे बदलतो. येथे हिशेबासाठी तो सर्व मिळून शेकडा ५ धरला आहे. नोंदणी फी शेकडा १ आहे.

जमीन बागायत धरल्यास बारा लाखांवर ६०,००० रुपये मुद्रांक शुल्क व १२,००० रुपये नोंदणी फी, असे एकूण ७२,००० रुपये होतात. तीच जमीन जिरायत ठरल्यास तक्त्याचे मूल्य आठ लाख व मोबदला साडेआठ लाख, म्हणून अधिक असलेल्या मोबदल्यावर आकारणी होईल : ४२,५०० रुपये शुल्क व ८,५०० रुपये फी, एकूण ५१,००० रुपये. म्हणजे केवळ वर्गाच्या फरकामुळे २१,००० रुपयांचे अंतर पडले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या एका हंगामाच्या बी-बियाणे व खतांच्या खर्चाचा विचार केला, तर ही रक्कम लहान नव्हे.

जमिनीची स्थिती कागदावर कशी आणावी?

जमीन बागायत राहिलेली नाही, असे तोंडी सांगून भागत नाही. त्यास पुरावा लागतो व तो गोळा करण्यास वेळ लागतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे साहाय्य येथेच सर्वांत उपयोगी पडते.

पाण्याविषयी : १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद स्वतः शेतात उभे राहून करण्याची सोय शेतकऱ्यास मिळाली. ही नोंद प्रत्येक हंगामात न चुकता करावी. ज्या शेतात बाजरी व तूर आहे त्या शेताच्या उताऱ्यावर सलग तीन-चार वर्षे बाजरी व तूरच दिसली, तर जमीन जिरायत आहे हे सांगण्यास दुसरा साक्षीदार लागत नाही. विहीर किंवा विंधन विहीर कोरडी पडलेली असल्यास तिची उन्हाळ्यातील पाणीपातळी तारखेसह नोंदवावी, छायाचित्र घ्यावे व पंचनामा करून ठेवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजत असते. जवळपासच्या अशा विहिरीची नोंद मिळाल्यास ती जोडावी. कृषिपंपाची वीजजोडणी कायमची बंद केलेली असेल, तर त्याचा कागदही उपयोगी पडतो.

मातीविषयी : कृष्णाकाठच्या सांगली, कोल्हापूर भागांत पाण्याच्या अतिवापराने व निचऱ्याच्या अभावी क्षारपड झालेल्या जमिनी पुष्कळ आहेत. अशी जमीन उताऱ्यावर बागायत दिसते, कालव्याचे वा उपसा योजनेचे पाणीही तिला मिळते. परंतु उत्पन्न मात्र येत नाही. तिची किंमत चांगल्या बागायतीएवढी नसते, हे गावात सर्वांस ठाऊक असते. पण कार्यालयास ते माती परीक्षणाच्या अहवालावाचून कळत नाही. मातीची विद्युत वाहकता प्रति मीटर ४ डेसिसायमनहून अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. सामू ८.५ च्या वर व विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक असल्यास ती चोपण समजतात. नमुना घेताना एकाच पांढऱ्या पट्ट्यातील माती उचलू नये. संपूर्ण गटातून रीतीप्रमाणे निरनिराळ्या ठिकाणचे नमुने घेऊन ते एकत्र करावेत. गटाचा एखादाच भाग बाधित असेल तर त्या भागाचा नमुना वेगळा घेऊन त्याचे क्षेत्र नकाशावर दाखवावे. सोयीचा नमुना घेऊन केलेला अहवाल प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी खोटा ठरतो व त्याबरोबर बाकीच्या खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो.

मूल्यांकनाविषयी : शेतजमिनीच्या मूल्यांकनासाठी शासनमान्य नोंदणी असलेल्या मूल्यांकनकाराचा अहवाल घेता येतो. जमिनीची प्रत, पाणी, रस्ता, बाजारपेठेचे अंतर व आसपासच्या गटांचे अलीकडे नोंदलेले व्यवहार यांचा विचार करून तो मूल्य काढतो. हा अहवाल अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतो, परंतु पुरावा म्हणून त्यास वजन असते. मूल्यांकनकाराची फी व वाचणारे शुल्क यांचा ताळा आधी पाहावा. चार-पाच हजारांच्या फरकासाठी तेवढीच फी देण्यात हशील नाही.

अभिनिर्णयाची कार्यपद्धती

दस्तावर नेमके किती शुल्क देय आहे, हे सक्षम अधिकाऱ्याकडून ठरवून घेण्याच्या कार्यवाहीस ‘अभिनिर्णय’ असे म्हणतात. याची तरतूद अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये आहे. जिल्ह्यात हे काम सह जिल्हा निबंधक हे मुद्रांक जिल्हाधिकारी या नात्याने पाहतात. दस्तावर सह्या होण्यापूर्वी अथवा झाल्यानंतरही हा अर्ज करता येतो. परंतु राज्यात सह्या झालेला दस्त सहीच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत सादर करावा लागतो. सह्या होण्यापूर्वी अर्ज करणे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्या वेळी व्यवहाराचा विचार बदलण्यास वाव असतो.

अर्जासोबत सर्वसाधारणपणे पुढील कागद ठेवावेत :

— खरेदीखताचा मसुदा अथवा दस्त व त्याची प्रत;
— चालू सात-बारा व आठ-अ उतारे आणि मागील काही वर्षांच्या पीकनोंदी;
— संबंधित फेरफार;
— गटाचा नकाशा;
— लागू असलेल्या मूल्यदर तक्त्यातील गावच्या पानाची प्रत;
— पाणी, माती व रस्ता यांविषयीचा वर सांगितलेला पुरावा;
— सर्व हकीकत खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र.

अभिनिर्णयाचे शुल्क व ते भरण्याची रीत यांत वेळोवेळी सुधारणा झालेल्या आहेत; अर्ज देण्याच्या दिवशी लागू असलेले शुल्क कार्यालयातून विचारून घ्यावे.

अर्ज आल्यावर अधिकारी कागदपत्रे तपासतात, अधिक माहिती मागवितात व जरूर तर जमिनीची पाहणी करतात. त्यानंतर शुल्क ठरवून मागणीची नोटीस देण्यात येते. नोटिशीतील मुदतीत रक्कम भरल्यावर दस्तावर योग्य शुल्क भरल्याचा शेरा मिळतो. असा शेरा असलेला दस्त पूर्ण मुद्रांकित समजला जातो. तथापि, चुकीच्या माहितीवर मिळविलेला निर्णय वरिष्ठ प्राधिकारी सहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासू शकतात, हे विसरू नये.

अर्ज केलाच नाही व दुय्यम निबंधकास दस्तातील मूल्य कमी वाटले, तर ते प्रकरण कलम ३२-अ अन्वये मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तेथेही पक्षकारास म्हणणे मांडण्याची संधी असते व निर्णय मान्य नसल्यास विहित मुदतीत अपील करता येते. परंतु या वाटेने गेल्यास दस्त अडकून राहतो. आपणहून आधी जाणे व बोलावल्यावर जाणे यांत फरक आहेच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावी. तक्त्यातील योग्य ओळ लावून घेणे एक, व तक्त्याच्या दरापेक्षाही कमी मूल्य मान्य करून घेणे दुसरे. पहिले काम चोख कागदपत्रांवर सहसा होते. दुसरे कठीण असते. अधिकारी तक्त्यापासून सहजासहजी ढळत नाहीत व त्यांनी ढळूही नये. जमीन आपल्या वर्गातील इतर जमिनींहून खरोखरच निकृष्ट आहे, असा सबळ पुरावा असेल तेव्हाच हा प्रयत्न करावा.

खोटी किंमत लिहू नये

शुल्क कमी करण्याचा एक आडमार्ग गावोगावी सांगितला जातो. प्रत्यक्षात दहा लाख द्यावयाचे व दस्तात तक्त्याएवढेच साडेआठ लाख लिहावयाचे. बाकी रक्कम हातोहात. वरील दराने यात शुल्क व फी मिळून ९,००० रुपये वाचल्यासारखे दिसतात. ही बचत नव्हे. हा कायद्याचा भंग तर आहेच, पण यात शेतकऱ्याचे स्वतःचेही मोठे नुकसान आहे.

व्यवहार पुढे फिसकटला व न्यायालयात गेला, तर हातोहात दिलेल्या दीड लाखांचा पुरावा राहत नाही. बँकही कर्ज देताना दस्तातील किंमत पाहते. सर्वांत महत्त्वाची बाब भूसंपादनाची आहे. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीचे बाजारमूल्य ठरविताना मुद्रांकासाठीचा दर आणि परिसरातील तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील नोंदणीकृत खरेदीखतांची सरासरी किंमत या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात व त्यांतील अधिक रक्कम धरली जाते. सरासरी काढताना अधिक किंमत असलेल्या निम्म्या खरेदीखतांचा विचार होतो. ठरलेल्या मोबदल्यावर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून मिळते. म्हणजे गावातील प्रत्येकाने खरेदीखतात कमी किंमत लिहिली, तर उद्या रस्ता, कालवा किंवा रेल्वेसाठी जमीन गेली असता साऱ्या गावाचा मोबदला कमी होतो, आणि तोही दुपटीने. आज एकाने वाचविलेले नऊ हजार उद्या शेजाऱ्याच्या खिशातून जातात.

हाच विचार जमिनीच्या वर्गासही लागू आहे. जमीन बारमाही पाण्याखाली असताना केवळ शुल्कासाठी ती जिरायत दाखवू नये. तीच नोंद पुढे पीककर्जाच्या वेळी व पीकविम्याच्या वेळी समोर येते. तुकडेबंदीच्या नियमांतही वर्गाला महत्त्व आहे. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे असे ठरविले. बारा गुंठ्यांचा बागायत तुकडा शुल्क वाचविण्यासाठी जिरायत दाखविला, तर तो प्रमाणभूत क्षेत्राहून लहान ठरून खरेदीचाच प्रश्न उभा राहू शकतो. एका कामासाठी जिरायत व दुसऱ्यासाठी बागायत, असे जमिनीचे दोन चेहरे ठेवता येत नाहीत.

कुटुंबातील हस्तांतरण

प्रत्येक हस्तांतरणास खरेदीखत लागतेच असे नाही. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात अथवा मृत मुलाची पत्नी यांना शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. एकत्र कुटुंबातील शेतजमिनीच्या वाटपासही स्वतंत्र व अल्प शुल्काची तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी बाप-लेकांत किंवा भावाभावांत नुसते कागद करण्यासाठी खोटे खरेदीखत लिहिले जाते व पूर्ण बाजारमूल्यावर शुल्क भरले जाते. अशा वेळी मूल्यांकनाच्या खटपटीत पडण्यापूर्वी दस्ताचा प्रकारच योग्य आहे ना, हे विचारून घ्यावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपंचायत अधिकारी, कृषि विभागाचे गावातील कर्मचारी व ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांनी मिळून वर्षातून एकदा चावडीवर सात-बारा वाचन घडवून आणावे. प्रत्येक खातेदाराने आपला आकार, पोटखराबा, विहिरीची नोंद व मागील हंगामाचे पीक स्वतः ऐकावे. लेखनाची चूक आढळल्यास तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. गावचा मूल्यदर तक्ता छापून सूचनाफलकावर लावावा, म्हणजे जमीन विकत घेणारा व विकणारा दोघेही विसार देण्यापूर्वीच शुल्काचा अंदाज बांधू शकतील. माती परीक्षणाच्या मोहिमेत क्षारपड व चोपण गटांची वेगळी यादी ठेवल्यास ती सुधारणेच्या कामी येईल व मूल्यांकनाच्याही.

शेतकरी बंधूंनी एवढे ध्यानी ठेवावे : मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष जमिनीवर बसत नाही, जमिनीच्या नोंदीवर बसते. नोंद खरी असेल, तर शुल्कही खरे बसते. विसार देण्यापूर्वी उतारा वाचावा, सहीपूर्वी शुल्क ठरवून घ्यावे आणि दस्तात दिली तीच किंमत लिहावी.